एकच स्की सगळ्या बर्फावर चालते का?

(या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा रेंज नाही, त्यांच्यासाठी. बोलतानाचे अडखळे काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

००:०० आज हा विषय का?

मी परतूरहून बोलतेय, आणि आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे म्हणतील, हिला झालंय तरी काय? आपल्याकडे बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. एक रसवंतीवर, आणि दुसरा गारपिटीत. २०१४ सालची मराठवाड्यातली गारपीट आठवते ना? शेतंच्या शेतं पांढरी झाली होती. एवढाच आपला बर्फाशी संबंध. आणि मी आज बोलणार आहे स्कीवर. त्यातही फ्रीराइड स्कीवर.

त्याचं कारण म्हणजे एक मेसेज. आपल्या एका श्रोत्यानं विचारलंय, "ताई, आम्ही तिघं मित्र जानेवारीत गुलमर्गला चाललोय. स्की भाड्यानं घ्यायची आहे. फोनवर दुकानदार म्हणाला, एकशे सहाची घ्या, ऑल-टेरेन आहे, सगळीकडे चालते. रीलमध्ये पण सगळे रुंदच स्की वापरतात. घेऊ का?"

मला हा प्रश्न फार आवडला. कारण "सगळीकडे चालते" हे वाक्य आपण मोबाइलपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळ्याच बाबतीत ऐकतो. स्कीच्या बाबतीत ते कितपत खरं आहे, हे समजून घ्यायचं तर स्की बनते कशी, तिचा आकार तसाच का असतो, हे बघावं लागेल. आणि एक आत्ताच सांगते. या प्रश्नाचं चुकीचं उत्तर महागात पडू शकतं. पैशाचं म्हणत नाहीये मी. गुडघ्याचं म्हणतेय, आणि कधीकधी जिवाचं.

०१:५० बर्फ एक नसतो

सुरुवात बर्फापासून करू. परतूरच्या आसपास जिनिंग-प्रेसिंग बघितलंय ना? तिथं मोकळ्या कापसाचा ढीग असतो. त्यात पाय टाकला की माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो. आणि तोच कापूस दाबून गाठ बांधली की त्या गाठीवर उभं राहून गप्पा मारता येतात. कापूस तोच, फरक फक्त किती दाबलाय याचा.

बर्फाचं अगदी असंच आहे. रात्री नुकताच पडलेला कोरडा, भुसभुशीत बर्फ, ज्याला पावडर म्हणतात, त्याच्या एका घनमीटरचं वजन ५० ते १०० किलोच्या आसपास भरतं. म्हणजे त्यात बहुतेक हवाच. रिसॉर्टमध्ये मशीन फिरवून दाबलेल्या उताराचा बर्फ ४००-५०० किलोपर्यंत जातो. आणि घट्ट बर्फ, म्हणजे आइस, ९१७ किलो. याशिवाय दुपारी उन्हानं ओला झालेला, रात्री पुन्हा गोठून वर कवच धरलेला, वाऱ्यानं थापून कडक केलेला, लोकांनी तुडवून खड्डे पाडलेला, असे कितीतरी प्रकार असतात.

आपल्याला हे कळायला अवघड नाही. काळी माती बघा. मे महिन्यात भेगाळलेली, दगडासारखी. जूनच्या पहिल्या पावसानंतर पायाला किलोभर चिकटते. वाफसा आला की हातात घ्यावी अशी. शेतकरी वाफसा बघून औत काढतो. स्की करणारा माणूस तसाच सकाळी बर्फ बघतो आणि स्की निवडतो.

स्पर्धेत ही अडचण नसते. तिथं उतार मुद्दाम टणक करतात, म्हणून स्की एकाच कामासाठी बनवता येते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला. त्या प्रकारातली स्की पायाखाली जेमतेम ६५ मिलिमीटर रुंद असते. तुमच्या मोबाइलपेक्षा थोडी कमी. ती टणक बर्फावर सुरीसारखी चालते, पण खोल पावडरमध्ये नेली तर बुडते.

फ्रीराइड म्हणजे याच्या उलट. आखलेला ट्रॅक सोडून डोंगर जसा आहे तसा उतरायचा. सकाळी पावडर, मध्ये झाडी, खाली तुडवलेला रस्ता. एकाच उतरणीत चार प्रकारचे बर्फ. तिथं पायातली जोडी बदलायला वाव नाही. म्हणून एकीकडून सगळं करवून घ्यायचा खटाटोप सुरू झाला.

०४:२० रुंदी: बुडायचं की तरंगायचं

स्कीवर किंवा तिच्या नावात एक आकडा असतो. सालोमनची क्यूएसटी १०६, नॉर्डिकाची एन्फोर्सर १०४. हा आकडा म्हणजे स्कीच्या कंबरेची रुंदी, मिलिमीटरमध्ये. कंबर म्हणजे बुटाखालचा सगळ्यात अरुंद भाग. प्रत्येक कंपनी नावात हा आकडा लिहीत नाही, पण स्कीवर मापं छापलेली असतातच.

ढोबळ हिशेब असा. ८५ पर्यंतच्या स्की दाबलेल्या उतारासाठी. ८५ ते १०० या ऑल-माउंटन. १०० ते ११५ फ्रीराइड. त्याच्या वर गेलं की निव्वळ पावडरसाठी. कंपन्या या सीमारेषा थोड्या इकडेतिकडे करतात, पण अंदाज बांधायला हे पुरेसं आहे.

रुंदीनं काय होतं, ते गणितानं बघू. साधं आहे, घाबरू नका. कपडे-बूट धरून ८० किलोचा माणूस नुसत्या बुटांवर बर्फात उभा आहे. दोन्ही बुटांचे तळवे मिळून समजा ६०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १३३ ग्रॅम वजन. आता त्याला १७० सेंटिमीटर लांब, सरासरी ९ सेंटिमीटर रुंद अशी अरुंद स्की दिली. वजन उतरलं २६ ग्रॅमवर. आणि १८४ लांब, सरासरी १२ सेंटिमीटर रुंद फ्रीराइड स्की दिली, तर १८ ग्रॅम. नुसत्या बुटाच्या सातव्या हिश्श्याइतकं, आणि अरुंद स्कीपेक्षाही जवळपास ३० टक्के कमी.

लाकडी चाकाची जुनी बैलगाडी आणि टायरगाडी यांच्यातही हाच फरक. लाकडी चाकावरची लोखंडी धाव अरुंद, ती पावसाळ्यात काळ्या रानात खोल रुतायची. टायर रुंद, वजन पसरतं, गाडी निघते. स्कीला वेगाचाही फायदा मिळतो. पळायला लागली की समोरचा बर्फ तिला वर उचलतो, पाण्यावरच्या फळीसारखा.

पण रुंदीची किंमत मोजावी लागते. टणक बर्फावर वळताना स्की आडवी कलते आणि सगळा भार एका कडेवर येतो. ही कड पायाच्या मध्यापासून जितकी लांब, तितका घोट्याला आणि गुडघ्याला पीळ जास्त. ६५ च्या स्कीत हे अंतर साडेबत्तीस मिलिमीटर, १०६ मध्ये ५३. लांब पान्यानं नट फिरवताना जोर कमी लागतो ना? इथं उलट आहे. पाना बर्फाच्या हातात आहे, आणि नट म्हणजे तुमचा गुडघा. शिवाय या कडेवरून त्या कडेवर यायला रुंद स्कीला वेळही जास्त लागतो. नवशिक्याला हे सगळं पहिल्याच दिवशी जाणवतं. फक्त कारण कळत नाही. त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाहीये.

०७:४० कमान आणि रॉकर

आता स्की बाजूनं बघू. पारंपरिक स्की टेबलावर ठेवली तर टोकं टेकतात आणि मधला भाग थोडा वर उचललेला राहतो. याला इंग्रजीत कॅम्बर म्हणतात, आपण कमान म्हणू. ट्रकच्या मागच्या चाकांवरचे कमान पाटे बघितलेत ना? तीच कल्पना. तुम्ही वर उभे राहिलात की कमान दबते, आणि ती परत उठायला बघते म्हणून टोकं बर्फावर दाबून राहतात. वजन फक्त बुटाखाली न राहता पूर्ण लांबीवर पसरतं, कड पूर्ण लांबीनं धरते. वळण संपलं की पाटा उसळतो आणि पुढच्या वळणात ढकलतो. टणक बर्फावर यासारखं दुसरं काही नाही.

पण पावडरमध्ये हीच कमान नडते. टोकं खाली दाबणारी स्की भुसभुशीत बर्फात नाक खुपसते. मग माणूस पूर्ण दिवस मागं रेलून मांड्या भरून आणतो.

यावर उपाय काढणाऱ्यांत एक नाव फार घेतलं जातं, शेन मॅकॉन्की. उत्तर अमेरिकेतला धाडसी आणि तितकाच थट्टेखोर स्कीपटू. त्याचा विचार सरळ होता. खोल पावडर पाण्यासारखी वागते, मग स्की पाण्यावरच्या फळीसारखी का नको? तो चक्क वॉटर स्की घेऊन अलास्काच्या बर्फात उतरला होता. त्यातून २००२ साली व्होलंट कंपनीची स्पॅटुला नावाची स्की आली. बुटाखाली सुमारे १२५ मिलिमीटर. कमान पूर्ण उलटी, म्हणजे मधला भाग खाली आणि टोकं वर, होडीसारखी. बाजूचा आकारही उलटा, मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद. लोक आधी हसले. मग खोल बर्फात ती चालताना बघितली आणि गप्प झाले.

मात्र टणक बर्फावर स्पॅटुला चालवणं म्हणजे ओल्या फरशीवर साबण. ती एकाच कामाची होती. पण तिच्यातली वर उचललेल्या टोकाची कल्पना सगळ्यांनी उचलली. तिला रॉकर म्हणतात.

आजच्या बहुतेक सर्वगामी फ्रीराइड स्कीत हे दोन्ही एकत्र असतं. पुढचं टोक लांबवर हळूहळू उचललेलं, बुटाखाली कमान, आणि शेपटी किंचित उचललेली. पुढचा रॉकर पावडरमध्ये नाक वर ठेवतो. मधली कमान टणक जागी पकड देते. शेपटी थोडीशीच उचलतात, कारण उडी मारून उतरताना किंवा वळण संपवताना मागून आधार लागतो.

इथंही देवाणघेवाण आहेच. रॉकर जितका लांब, तितकी टणक बर्फाला टेकणारी कड छोटी. म्हणजे १८४ ची स्की घट्ट उतारावर त्याहून बरीच आखूड असल्यासारखी वागते. म्हणूनच रॉकरवाली स्की थोडी लांब घ्या असं सांगतात.

११:०० कंबर आणि वळण

तिसरी गोष्ट वरून दिसणारा आकार. स्की पुढं रुंद, मध्ये बारीक, मागं पुन्हा रुंद. लांबट डमरूसारखी. ही बारीक कंबर दिसायला छान म्हणून नाही. स्की कलली आणि वाकली की तिची कड बर्फावर कमानदार रेघ ओढते, आणि स्की त्या रेघेवरून आपोआप वळते. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात सोंद्रे नोरहाइम यानं कंबर असलेल्या स्की आणि टाच धरणारे बांध वापरून वळण्याची कला नावारूपाला आणली. पुढं शंभर वर्षं ही कंबर अगदी नाममात्र राहिली. १९९० च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीनं ठळक कंबर असलेली एससीएक्स आणली, आणि वळायला शिकणं कितीतरी सोपं झालं.

स्कीवर "आर १८" असं काही लिहिलेलं असतं. म्हणजे तिच्या बाजूची वक्ररेषा पूर्ण केली तर १८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ होईल. स्की जितकी जास्त कलवाल, तितकं वळण छोटं. कागदावरचा हिशेब सांगते. ६० अंश कलली तर १८ ची ९ मीटर होते. छोटा आकडा म्हणजे पटापट वळणं. मोठा आकडा म्हणजे लांब, शांत वळणं आणि वेगात स्थिरता. फ्रीराइडला साधारण १८ ते २५ ठेवतात. फार छोटा आकडा असेल तर रुंद टोक खडबडीत बर्फात अडकतं आणि स्कीला नको तिथं वळवतं.

म्हणून डिझायनर आणखी एक युक्ती करतात. स्कीची सगळ्यात रुंद जागा अगदी टोकाला न ठेवता थोडी मागं, बुटाच्या दिशेनं सरकवतात, आणि त्यापुढचं टोक निमुळतं करतात. मग वाऱ्यानं थापलेल्या, तुडवलेल्या बर्फात ते टोक अडकायचं कमी होतं.

१३:१० आत काय भरलंय?

वरून रंगीत फळी दिसते, पण आत सँडविच आहे. ही कल्पना हॉवर्ड हेड नावाच्या अमेरिकन माणसाची. तो विमानाच्या कारखान्यात काम करायचा. विमानात हलकेपणा आणि ताकद दोन्ही लागते, म्हणून धातूच्या पातळ पत्र्यांमध्ये हलका गाभा भरतात. १९५० च्या सुमारास त्यानं हीच रीत स्कीला लावली. तोवर स्की प्रामुख्यानं लाकडी होत्या.

आजच्या स्कीचे थर खालून वर असे. तळाला पॉलिथिलीन. आपल्या पिशवीतलंच कूळ, पण कितीतरी लांब साखळ्यांचं, घासायला चिवट, आणि मेण शोषून घेणारं. कडेला पोलादाची बारीक पट्टी. आपला जालना सळ्यांसाठी ओळखला जातो. ही पट्टी सळीच्या मानानं अगदी नाजूक, दोन मिलिमीटरच्या आसपास, पण टणक बर्फावर तुम्हाला धरून ठेवणारी तीच. तिला धार लावावी लागते आणि ओली ठेवली तर गंजते. त्याच्या वर काचतंतूचं कापड, मध्ये लाकडाचा गाभा, पुन्हा काचतंतू, आणि सगळ्यात वर छापील पत्रा. राळ लावून हे सगळं गरम साच्यात दाबतात.

लाकूड? हो, अजूनही लाकूडच. पॉप्लर, बीच, अॅश, पावलोनिया. काही कंपन्या बांबूसुद्धा वापरतात. लाकूड हजारो वेळा वाकून परत सरळ होतं आणि धक्के जिरवतं. फोमचा गाभा स्वस्त पडतो, पण चांगल्या फ्रीराइड स्कीत लाकूडच मानतात. पावलोनिया हलकं, बीच आणि अॅश जड पण दणकट. एकाच गाभ्यात दोन-तीन लाकडांच्या पट्ट्या मिसळतात. बुटाखाली दणकट, टोकाकडे हलकं.

मग येतो टायटनल. नावावरून टायटॅनियम वाटेल, पण तो अॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. त्याचा पत्रा घातला की स्की थरथरत नाही, वेगात शांत राहते. पण वजन वाढतं, आणि चालवणाऱ्याची ताकदही जास्त लागते. म्हणून हल्ली पूर्ण पत्रा न घालता फक्त कडेकडेनं किंवा बुटाखाली घालतात. याउलट कार्बनचे तंतू हलके आणि ताठ, पण नुसता कार्बन असेल तर स्की खडबडीत जागी खडखडते. ज्याला डोंगर पायी चढून मग उतरायचं आहे त्याला १२००-१५०० ग्रॅमची हलकी स्की हवी. जो गोंडोलानं वर जाणार, त्याला दोन किलोची चालते. उलट उतरताना ती जड स्कीच बरी वाटते.

१५:५० बाइंडिंग: पाय वाचवणारा खटका

स्की कितीही चांगली असली तरी तिला बुटाशी जोडणारं बाइंडिंग नीट नसेल तर सगळं व्यर्थ. त्याची दोन कामं असतात. धरून ठेवणं, आणि योग्य वेळी सोडणं. १९३७ साली यॅल्मर व्हाम या नॉर्वेजियन-अमेरिकन स्कीपटूचा पाय मोडला, आणि त्यातून त्याला पडल्यावर सुटणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली. त्यानंतर हा खटका सुधारत गेला आणि नडगी मोडण्याचं प्रमाण खूप कमी झालं. गुडघ्याच्या आतला स्नायुबंध मात्र अजून तितका वाचत नाही. आधी रुंदी आणि गुडघा म्हणाले ते म्हणूनच लक्षात ठेवा.

बाइंडिंगवर आकडे असतात. ते तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही कसं स्की करता, यावरून लावतात. दुकानात या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. मित्रांसमोर भाव खायला "मी एक्स्पर्ट आहे" म्हणालात, तर आकडा वाढेल आणि पडल्यावर बूट सुटणार नाही. त्याचा हिशेब गुडघा चुकवेल. आणि आकडा स्वतः फिरवू नका, तिथल्या मेकॅनिककडूनच लावून घ्या. बुटाचा तळ आणि बाइंडिंग एकमेकांना चालतं का, हेही विचारा. चढाईचे बूट आणि साध्या उताराचे बूट वेगळे असतात.

१७:३० मग सगळीकडे चालते का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चालते. पण प्रत्येक ठिकाणी थोडं कमी-जास्त करून चालते. रुंदी वाढवली की पावडरमध्ये फायदा, टणक बर्फावर तोटा. रॉकर वाढवला की तसंच. धातू घातला की स्थिरता, पण जडपणा. डिझायनरनं या सगळ्या बटणांवर हात ठेवून एक मधली जागा निवडलेली असते. "ऑल-टेरेन" या शब्दाचा अर्थ एवढाच. ती मधली जागा तुमच्यासाठी बरोबर आहे का, हे तुम्ही कोण आहात यावर ठरतं.

म्हणून आपल्या श्रोत्याला आणि त्याच्या मित्रांना माझं सांगणं असं. पहिल्यांदाच स्कीवर उभे राहणार असाल तर १०६ पण नको आणि ९० पण नको. ७५ ते ८५ च्या आसपास कंबर, उभी धरली तर हनुवटी ते नाकापर्यंत येईल इतकी लांब, आणि मऊ वाकणारी स्की मागा. ती तुम्हाला लवकर शिकवेल. आधी थोडं येत असेल, बऱ्यापैकी वळता येत असेल, तर ९० ते १००. १०० च्या पुढं जायचं ते खोल बर्फात उतरण्याइतकं कौशल्य आल्यावरच. गुलमर्गला शिकायचं तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. उत्तराखंडात औलीलाही कोर्स चालतात. रील बघून शिकण्यापेक्षा आठवडाभराचा कोर्स केव्हाही बरा.

भाड्याची स्की हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. कडेवर बोट अलगद फिरवून गंज किंवा तुटका भाग आहे का. तळाला खोल चिरा आहेत का. आणि दोन्ही स्की एकमेकींना लावून उभ्या धरल्यावर सारख्या दिसतात का. एक वाकडी असेल तर बदलून घ्या.

२०:१० रुंदी तरंगवते, वाचवत नाही

शेवटचा भाग गुलमर्गचा, आणि इथं जरा लक्ष द्या. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे. स्कीइंग तिथं नवं नाही, स्की क्लब ऑफ इंडिया १९२७ साली तिथंच सुरू झाला. गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवटच्या खांद्यावर, साधारण ३९५० मीटरपर्यंत नेतो. पश्चिमी विक्षोभ तिथं भरपूर हिमवर्षाव करतात. त्याच विक्षोभांचा आपल्याकडच्या अवकाळी पावसाशी आणि गारपिटीशीही कधीकधी संबंध असतो. जगभरातले फ्रीराइडवाले तिथं येतात ते या बर्फासाठी.

पण गोंडोलातून उतरल्यावर दिसणारा सगळाच डोंगर सुरक्षित केलेला नसतो. ठरावीक पट्ट्यावर गस्त असते. त्याच्या पलीकडे तुम्ही आणि डोंगर. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला हिमस्खलन झालं आणि लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. बर्फात राहायचं-लढायचं शिकवणारी ही संस्था. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू. ही काही हौशी, नवखी मंडळी नव्हती.

हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. आणि फ्रीराइडला मजा येते तोही उतार हाच. बर्फ थरांनी साचतो. खालचा एखादा थर कच्चा असेल तर वरचा सगळा पाट एका माणसाच्या वजनानं सुटू शकतो. रुंद स्कीनं तुम्ही वर तरंगाल, पण खालचा थर कच्चा आहे की पक्का, ते स्की सांगत नाही. उलट चांगली स्की तुम्हाला अशा जागी सहज घेऊन जाते, जिथं कमी दर्जाच्या स्कीनं तुम्ही गेलाच नसता. हा धोका जाहिरातीत नसतो.

गस्तीच्या बाहेर जायचं असेल तर नियम साधे आहेत. त्या दिवसाचं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचा. स्थानिक, अनुभवी गाइड घ्या. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, आणि पाठीवर फावडं आणि लांब काठी, ज्याला प्रोब म्हणतात. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल देतो, त्यावरून गाडलेला माणूस शोधतात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्यानं घटते. म्हणजे वाचवणारे तुमचे सोबतीच असतात, मदत खालून येईपर्यंत उशीर झालेला असतो. ज्याला ट्रान्सीव्हर वापरता येत नाही, तो सोबती म्हणून मोजायचा नाही. आणि एका वेळी एकानंच उतार उतरायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघायचं.

तर दादा, तुम्ही तिघं या जानेवारीत खालच्या उतारावर शिका, पडा, हसा. दुसऱ्या टप्प्यावर गेलात तर नजारा बघा, फोटो काढा आणि गोंडोलानंच खाली या. एकशे सहा कुठं पळून जात नाही.

तुमच्यापैकी कुणी औलीला किंवा गुलमर्गला शिकून आलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. कोणती स्की मिळाली, भाडं किती पडलं, काय जड गेलं. पुढच्या एखाद्या भागात ते सगळ्यांना ऐकवू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू या पुढच्या भागात!